होडी पाण्याला दाखवताना

होडी कशी बांधली यावर बोला, असं मला सांगण्यात आलं होतं. ते मी लवकर उरकतो. बांधण्याचे नकाशे विकत मिळतात, आणि चुकलंच तर करवत हाताशी असते. पण होडी पहिल्यांदा पाण्यात सोडतानाच्या दीड तासाबद्दल फारसं कुणी सांगत नाही. मी बोलणार आहे ते त्या दीड तासाबद्दल.

शाळेत मी सुतारकाम शिकवायचो. निवृत्तीनंतर घराच्या पडवीत अकरा फुटी होडी बांधली. पद्धत अगदी शिंप्याची आहे. सहा मिलिमीटरच्या प्लायवूडचे तुकडे बेतायचे, कडेला भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने टाके घालून ते एकमेकांना जोडायचे. मग आतून सांध्यांवर काचधाग्याची पट्टी आणि इपॉक्सी, म्हणजे सुकून कडक होणारी राळ. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये 'मिरर' नावाची होडी अशीच घरोघर बांधली गेली. 'डेली मिरर' या वृत्तपत्राने ती पुढे आणली, म्हणून ते नाव. जॅक होल्ट आणि टीव्हीवर घरकाम शिकवणारे बॅरी बकनेल या दोघांनी ती आखली होती. आजवर अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या. ज्यांनी त्या बांधल्या त्यातले बरेचसे माझ्यासारखेच, समुद्राशी काही संबंध नसलेले.

टाके घालून बांधणं आपल्याकडे काही नवं नाही. अजिंठ्याच्या भिंतीवर पाचव्या शतकातलं एक जहाज रंगवलेलं आहे. त्यावरून गोव्यात 'कौंडिण्य' बांधलं. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या, बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या केरळी कारागिरांनी. २१ मे २०२५ ला कारवारला ते नौदलात दाखल झालं. नकाशा नव्हता, होतं फक्त ते चित्र. म्हणून आधी प्रतिकृती करून ती आयआयटी मद्रासमध्ये पाण्यावर तपासली. माझ्याकडे आयआयटी नव्हती. पाण्यात टिकतो का ते बघायला मी प्लायचा तुकडा घरच्या पातेल्यात उकळला. दुकानदाराने 'आयएस ७१०' या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का दाखवून दिलेल्या पहिल्या तुकड्याचे तीन तासांत पापुद्रे सुटले. पातेलं परत स्वयंपाकाला घ्यायला बायकोने साफ नकार दिला, ते अजून पडवीत आहे.

आता मुहूर्त. पंचांग मीही पाहिलं, पण तिथीसाठी. आमच्या शेजारी एक तांडेलकाका आहेत. त्यांचा हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. दशमी असेल तर दहाचे पाऊणपट साडेसात. ठिकाणागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढा धरायचा. दशमीचा दुसरा फायदा म्हणजे तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते. अवस-पुनवेच्या उधाणासारखी पाण्याला ओढ नसते. होडी सोडायची ती भरती चढत असताना. काही बिघडलं तर पाणी तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतं. ओहोटीला सोडलीत तर तेच पाणी तुम्हाला खाडीच्या तोंडाकडे नेतं. शिवाय सकाळी साडेसहाला बघायला कुणी नसतं. ही सोय मी भरतीच्या खालोखाल महत्त्वाची मानतो.

कारण बघणारे असले की माणूस गप्प बसतो. स्वीडनच्या राजाने 'वासा' नावाची युद्धनौका बांधून घेतली होती, ६४ तोफांची. निघण्याआधी धक्क्याला बांधलेल्या जहाजावर तीस खलाशांना या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं. तिसऱ्या फेरीला ते इतकं डुलू लागलं, की आरमाराच्या उपप्रमुखाने पळणं थांबवायला लावलं. राजा परदेशी लढाईवर होता आणि त्याचा तगादा चालू होता. १० ऑगस्ट १६२८ ला गर्दीसमोर शीड उघडलं. जेमतेम तेराशे मीटर गेल्यावर वाऱ्याच्या झोताने जहाज कलंडलं, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलं आणि ते बुडालं. १९६१ साली वर काढलं. आता स्टॉकहोममध्ये संग्रहालयात आहे. तपासणी झाली होती, हे लक्षात घ्या. उत्तरही मिळालं होतं.

तर, माघातली दशमी. मी, माझा भाचा आणि तांडेलकाका. मावशींनी नारळ दिला होता, नाळीवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर फोडायला. सहा मिलिमीटरच्या प्लायवर नारळ फोडायचा म्हणजे आधी होडी फुटायची, म्हणून शेजारच्या दगडावर फोडला. होडी साठेक किलोची, तिघांनी सहज उचलली. गुडघाभर पाण्यात ठेवली आणि सोडून दिली. आत कुणीही बसायचं नाही, ही काकांची अट.

ती तरंगली याचं मला फार नवल वाटलं नाही. पेटीसुद्धा तरंगते. मी बघत होतो ती कडेला पेन्सिलने मारलेली रेघ. हिशेबाने रिकामी होडी जिथवर बुडायला हवी, तिथे ती रेघ होती. उजवीकडे पाणी रेघेखाली, डावीकडे बोटभर वर. माझ्या पोटात गोळा आला, चार महिने वाकडी होडी बांधली की काय! काका आत डोकावले आणि म्हणाले, "मास्तर, नांगर कुठे ठेवलाय?" आठ किलोचा नांगर डाव्या कडेला ठेवलेला. तो मधे सरकवला आणि रेघा सारख्या झाल्या.

मग मी चढलो. माणूस चढला की एवढी होडी साधारण इंचभर बसते, तशी बसली. दोन मिनिटांनी पायाला ओल लागली. आदल्या संध्याकाळी नळाच्या पाण्याने होडी धुतली होती, तेच असेल अशी मनाची समजूत घातली. मग बोट बुडवून चाटलं. खारट.

काका हसत होते. त्यांच्या जुन्या फळ्यांच्या होडीला बरेच दिवस किनाऱ्यावर वाळल्यावर भेगा पडतात. भेगांत वाखाचे धागे ठासले तरी पहिल्या दिवशी पाणी येतंच. फळ्या फुगून सांधे आवळेपर्यंत ते उपसत बसतात. त्यामुळे ते कधी 'पाणी घेते का' असं विचारत नाहीत, 'किती घेते' असं विचारतात. पण प्लाय तसं फुगत नाही. माझ्या होडीत आलेलं पाणी कुठल्या तरी भोकातूनच आलं होतं. मी सांध्यांवरून हात फिरवत बसलो, दोन ठिकाणी शंकाही घेतली. शेवटी भाच्याने मागे बोट दाखवलं. मागच्या फळीत खाली, पाणी काढून टाकायला ठेवलेलं भोक उघडं होतं. बूच माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं, हरवू नये म्हणून मीच आदल्या रात्री जपून ठेवलेलं.

बूच लावलं, पाणी उपसलं. मग 'वासा'वर केलं तेच केलं. भाच्याला आत घेतलं आणि दोघे मिळून एका कडेला बसलो. कड पाण्यापासून चार बोटं उरली आणि तिथे थांबली. तीनदा करून पाहिलं. तोवर पूर्ण भरती होऊन पाणी स्थिर झालं होतं. वल्ही मारायला मन होत होतं, पण काका म्हणाले, "आता ओहोटी लागेल. उद्या या."

होडी आज खाली अंगणात आणून ठेवली आहे. जाताना हात लावून बघा. बूच माझ्याकडे आहे.