आधी चासी बघा

रंग ताजा आहे. बॉनेट सरळ, टायर नवे, आणि इंजिन पहिल्याच खटक्याला चालू होतं. जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी, घ्यायला आलेला माणूस बहुतेक इथेच भुलतो. खरं तर त्याने आधी गाडीखाली आडवं व्हावं, हातात छोटी हातोडी घ्यावी आणि चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ठोकत पुढून मागे जावं. शाबूत लोखंड खणखणीत वाजतं. गंजाने पोखरलेलं बद्द वाजतं.

ही लँड रोव्हर घ्या. 1948 साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून बॉडीचे बहुतेक पत्रे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. ते तांबडे गंजत नाहीत. चासी मात्र पोलादाची, आणि आतून पोकळ. चिखल आत जाऊन बसतो, ओल धरतो, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसू शकतो. म्हणून मागचा आडवा दांडा, स्प्रिंगचे पाटे जिथे अडकवलेले असतात त्या जागा, बॉडी टेकते ते आधार, हे सगळं ठोकून बघायचं. आणि जिथे ॲल्युमिनियम पोलादाला चिकटून ओलं राहतं, तिथे पांढरी भुकटी दिसली, तर पत्राही खाल्ला जातोय.

1960 साली आलेल्या टोयोटाच्या एफजे 40 ची बॉडीही पोलादाची. तिथे पायाखालचा पत्रा आणि मागचे कोपरेही तपासावे लागतात. पुट्टीचा संशय आला तर लोहचुंबक लावा. जाड पुट्टीवर तो धरत नाही.

इंजिन थकलेलं असेल तर बांधता येतं. चासी वाकडी किंवा कुजकी असेल, तर तिच्यावर बसवलेलं काहीच सरळ बसत नाही.

गाडी खोलताना घाई करू नका. प्रत्येक जोडाचा आधी फोटो, मग बोल्ट पिशवीत, पिशवीवर नाव. अडकलेल्या बोल्टवर तेल सोडून रात्रभर थांबा, नाहीतर बोल्ट तुटतो आणि दिवस जातो. पहिला हात ब्रेकला लावा: व्हील सिलिंडर, नळ्या, होज. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं रबर वरून बरं दिसलं तरी त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

रंगाबद्दल मी ठाम आहे. या गाड्या कारखान्यातूनही आरशासारख्या निघत नव्हत्या. 1941 पासूनच्या विलीज जीप युद्धासाठी बनल्या, त्यांना मंद हिरवा रंग होता. शाबूत पत्र्यावरचा पोचा पुसून टाकण्यापेक्षा राहू द्यावा.

आता चालवणं. सिरीज वन आणि टू या सुरुवातीच्या लँड रोव्हरच्या पहिल्या दोन गिअरना सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचा वेग आपोआप जुळवणारी यंत्रणा, नाही. खालचा गिअर टाकताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच, मग गिअर. वेग जुळला की गिअर हाताला विरोध न करता बसतो. तो क्षण फार सुंदर असतो!

फोर व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरावर लावू नका. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात, आणि यातल्या बहुतेक गाड्यांत तो फरक सामावून घेणारं मधलं डिफरन्शियल नसतं. चिखलात चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो. डांबरावर तोच ताण गिअर आणि ॲक्सलमध्ये साठत जातो.

तीव्र उतारावर लो रेंज (गाडी हळू पण जास्त जोराने चालवणारी गिअरची दुसरी जोडणी), पहिला गिअर, आणि क्लचवरून पाय बाजूला. गाडीला इंजिनानेच धरू द्या. पाण्यातून बाहेर आलात की सावकाश चालत ब्रेक हलके दाबत राहा. ब्रेकचे ड्रम ओले असताना ब्रेक लागत नाहीत, घर्षणाने ते सुकतात. आणि मुक्कामाला पोहोचल्यावर ॲक्सलचं ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ झालं असेल तर आत पाणी गेलंय. ते बदलल्याशिवाय गाडी पुढे काढू नका.