एकाच गिटारवर जीव का जडतो? स्ट्रॅट, टेली, लेस पॉल आणि त्यांच्या खोडी

[मांडीवर स्ट्रॅटोकास्टर, कॅमेरा समोर]

नमस्कार मंडळी. कुठल्याही वादकाला विचारा, तुझी आवडती गिटार कुठली? उत्तर तयार असतं. का आवडते, म्हणून विचारलं की मात्र "आवाज भारी आहे", "हातात मस्त बसते" यापुढे गाडी जात नाही. हे "हातात बसणं" म्हणजे नेमकं काय, ते आज उलगडून बघू. ते मोजता येतं, मिलिमीटरमध्ये आणि किलोमध्ये. आणि मोजायला लागलं की एक गंमत कळते: वादक ज्या गोष्टीवर फिदा असतो, बऱ्याचदा तीच त्या गिटारची खोड असते. ती ओळखली नाही, तर तीच गिटार दुसऱ्याच्या हातात नुसती कुरकुरते.

स्ट्रॅटपासून, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरपासून, सुरुवात करू. १९५४ मध्ये ती बाजारात आली तेव्हा तिला तीन पिकअप (तारेची थरथर टिपून अ‍ॅम्पकडे पाठवणारे चुंबकी भाग) होते आणि स्विचच्या जागा तीनच होत्या, म्हणजे एका वेळी एकच पिकअप. पण वादकांना सापडलं, की स्विच दोन जागांच्या मधोमध अडकवून ठेवला तर दोन पिकअप एकत्र वाजतात आणि एक पोकळ, बोलका, किंचित नाकातला आवाज येतो. लोक तो स्विच अलगद मध्ये टेकवून वाजवायचे, जरा धक्का लागला की तो निसटायचा. कंपनीने पाच जागांचा स्विच कायमचा दिला तो १९७७ मध्ये. म्हणजे स्ट्रॅटचा सगळ्यात लाडका आवाज आराखड्यात नव्हताच, तो वादकांनी शोधला.

हा आवाज "आउट ऑफ फेज" आहे, म्हणजे दोन पिकअप एकमेकांच्या उलट जोडलेले आहेत, असं सर्रास म्हटलं जातं. ते चूक आहे. दोन्ही पिकअप एकाच फेजमध्ये, समांतर जोडलेले असतात. ते तारेच्या दोन वेगवेगळ्या ठिकाणची थरथर ऐकतात, त्यामुळे काही हार्मोनिक्स (मूळ सुरात मिसळलेले वरचे सूर) एकमेकांना कापतात, काही उठून दिसतात. पोकळपणा त्यातून येतो. हल्लीच्या बऱ्याच स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट्या ध्रुवाचा असतो, म्हणून दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर घूंऽऽ असा वीजेचा गुणगुणाट बंद होतो. तुमच्या गिटारमध्ये तसा आहे का हे बघायचंय? अ‍ॅम्प चालू करा, तारा हाताने दाबून धरा आणि स्विच एकेक जागा पुढे न्या. कानाला लगेच कळेल.

[जवळून: व्हॉल्यूमचं बटण आणि करंगळी]

आता हे बघा. पिक, म्हणजे तार छेडायची चकती, दोन बोटांत आहे आणि करंगळी आपोआप व्हॉल्यूमच्या बटणावर पोचते. बटण शून्यावर ठेवायचं, तार छेडायची आणि लगेच करंगळीने बटण उघडायचं. छेडल्याचं टोक नाहीसं होतं आणि सूर व्हायोलिनसारखा फुलत येतो. लेस पॉलवर हे जमतं, पण बटण लांब असल्याने हात ताणावा लागतो. म्हणूनच, ज्यांचा उजवा हात सतत आवाज घडवत असतो ते स्ट्रॅट सोडायला तयार नसतात. त्याच बटणाला वाजवताना हात लागून आवाज खाली जातो, ही तक्रारही तितकीच जुनी आहे.

स्ट्रॅटचा ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) तरंगता ठेवला, म्हणजे मागची कड बॉडीपासून साधारण ३ मिमी उचललेली ठेवली, तर ब्रिजला लावलेल्या दांडीने सूर वर आणि खाली दोन्हीकडे नेता येतो. पण मग तारांचा ओढा आणि मागच्या स्प्रिंगांचा ओढा यांचा तराजू असतो. ०९ ते ४२ जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागात) संच लावला तर सहा तारा मिळून ब्रिजला साधारण ३८ ते ३९ किलोने पुढे ओढत असतात. एका तारेचा बेंड घेतलात, म्हणजे तार बोटाने आडवी ढकलून सूर चढवलात, की तराजू हलतो आणि बाकीच्या तारा उतरतात. म्हणून बेंड घेताना शेजारची तार स्थिर वाजवत ठेवली की ती बेसूर लागते. यात गिटार बिघडलेली नसते. हे नको असेल तर मागच्या स्प्रिंगांची पट्टी घट्ट करून ब्रिज बॉडीला टेकवून टाका. सूर वर नेणं जाईल, स्थिरता येईल.

दांडी वापरल्यावर सूर परत जागेवर येत नसेल तर बहुतेक जण आधी खुंट्या बदलायला निघतात. थांबा. खुंटी हळूहळू फिरवा आणि नटपाशी, म्हणजे खुंट्यांच्या अलीकडच्या खाचांच्या पट्टीपाशी, कान द्या. "टिक्" असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार नटच्या खाचेत अडकतेय. तार बाजूला घ्या, खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, तार परत बसवा. खुंटीभोवती तारेचे दोन-तीन वेढे पुरतात, जास्त वेढे म्हणजे जास्त ढिलाई.

स्ट्रॅटची आणखी एक खोड फार लोकांना छळते. जाड तारेवर बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे वाजवलं की सूर दुहेरी, लहरता, बेसूर लागतो. लोक ब्रिजची सॅडल (तार जिच्यावर टेकते तो तुकडा) पुढे-मागे करून थकतात. दोष असतो पिकअपच्या उंचीत. पिकअपमधली चुंबकं तारेच्या फार जवळ आली की तिला खेचतात आणि ती नीट झुलू शकत नाही. शेवटचा फ्रेट दाबून धरा आणि चुंबकापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा: जाड तारेकडे साधारण २.४ मिमी, बारीक तारेकडे २ मिमी. नेककडचा, म्हणजे गिटारच्या गळ्याकडचा, पिकअप आधी खाली घ्या, तोच मुख्य गुन्हेगार असतो.

रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स डावखुरा होता आणि उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी धरून, तारा उलट क्रमाने लावून वाजवायचा. ब्रिजकडचा पिकअप तिरका असतो. सरळ गिटारमध्ये बारीक तारांकडचं टोक ब्रिजच्या जवळ येतं. उलटी धरल्यावर तिथे जाड तारा येतात, म्हणून जाड तारा करकरीत आणि बारीक तारा जरा गोल वाजतात.

[गिटार बदला: लेस पॉल]

आता गिब्सन कंपनीची लेस पॉल. १९५२ ची, सुरुवातीला एकेरी गुंडाळीच्या पी-९० पिकअपची, १९५७ पासून गुणगुणाट मारणाऱ्या दुहेरी गुंडाळीच्या हंबकरची. हिचं प्रेम समजून घ्यायला नटपासून ब्रिजपर्यंतची लांबी बघा. ही लांबी म्हणजे स्केल. फेंडरची २५.५ इंच, गिब्सनची २४.७५. फरक पाऊण इंचाचा. पण एकाच सुरासाठी तारेवरचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तीच १० जाडीची पहिली तार फेंडरवर साधारण ७.३ किलोने ताणलेली असते आणि गिब्सनवर ६.९ ने. पाच-सहा टक्केच, पण तासभर बेंड घेतल्यावर बोटाच्या टोकाला तो फरक नीट कळतो. मोठा, सावकाश, मींडेसारखा बेंड लेस पॉलवर लोण्यासारखा निघतो तो यामुळे. स्ट्रॅटवर ०९ चा संच आणि लेस पॉलवर १० चा, ही जोडी इतकी रूढ आहे ती याच हिशेबामुळे.

हाच हिशेब सूर खाली उतरवूनही बदलता येतो. ब्लूज वादक स्टीव्ही रे वॉन स्ट्रॅटवर १३ जाडीची पहिली तार लावायचा, पण गिटार एक सेमिटोन (एका फ्रेटएवढं अंतर) खाली लावून. एक सेमिटोन उतरवलं की ताण साधारण ११ टक्के घटतो. ब्लॅक सॅबथ बँडच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली, आणि डावखुरा असल्यामुळे त्याच बोटांनी त्याला तारा दाबायच्या होत्या. त्याने बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे गिब्सन एसजी तीन सेमिटोनपर्यंत खाली उतरवली. ताण जवळजवळ २९ टक्के कमी. दुखऱ्या बोटांसाठी केलेल्या त्या सोयीतून जो जड, काळोखा आवाज आला, तो पुढे संगीताचा एक अख्खा प्रकार ठरला, हेवी मेटल.

लेस पॉलची खोड म्हणजे तिसरी, जी सुराची तार. सारखी सुरातून जाते. कारण डोक्याकडे आहे.

[जवळून: नट आणि हेडस्टॉक]

बघा, नटमधून बाहेर पडल्यावर तिसरी आणि चौथी तार बाजूला फाकून खुंटीकडे जाते. खाचेच्या भिंतीवर तार घासते आणि अडकते. स्ट्रॅटवर सहाही तारा जवळपास सरळ जातात. उपाय खर्चिक नाही: खाच खुंटीच्या दिशेने किंचित मोकळी करायची, तिचा तळ मागे उतरता ठेवायचा आणि शिसं घासायचं. कानस मात्र त्या तारेच्या मापाचीच हवी. खाच खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि मग नवा नट घालावा लागतो.

दुसरी खोड महागाची. हेडस्टॉक (खुंट्या असलेला वरचा भाग) मागे १७ अंश झुकलेला, त्यात नटच्या मागेच ट्रस रॉडसाठी (नेकची वाकण सांभाळणाऱ्या आतल्या सळईसाठी) लाकूड कोरलेलं, आणि झुकलेल्या भागात लाकडाचे रेषे आखूड पडतात. गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि मागच्या बाजूवर पडली की तिथेच मोडते. स्टँड वापरा. हे कळकळीने सांगतोय.

फेंडरच्याच टेलीकास्टरकडे येऊ. १९५० ची. आधीचं नाव ब्रॉडकास्टर, पण ग्रेच कंपनीचे त्याच उच्चाराचे ड्रम बाजारात होते, म्हणून १९५१ मध्ये नाव बदललं. तिचा ब्रिजकडचा पिकअप पोलादी पत्र्यात बसवलेला असतो आणि तो टोकदार, ठसठशीत आवाज त्यातूनच येतो. गेन (अ‍ॅम्पमध्ये आवाज फाडणारा जोर) वाढवला की पत्रा आणि तारेची गुंडाळी थरथरून शिट्टी वाजते, तेव्हा पिकअप मेणात बुडवून घेतात. जुन्या पद्धतीच्या ब्रिजवर सॅडल तीनच, म्हणजे दोन तारांना मिळून एक. प्रत्येक तारेचा सूर वेगळा जुळवता येत नाही. तिरक्या खाचेची पितळी सॅडल लावली की काम बऱ्यापैकी भागतं. तरी टेलीवाले साध्या तीन सॅडलांवर अडून बसतात, आणि त्यांचा कान चुकत नाही, असं माझं मत.

रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सची मिकॉबर नावाची टेली तर पाचच तारांची. सूर जी-डी-जी-बी-डी. या जुळणीत सहावी तार डी होते आणि मूळ सूर जी पाचव्या तारेवर येतो. म्हणून त्याने सहावी काढूनच टाकली. आता खालून वरपर्यंत हात फिरवला तरी नको असलेला खर्ज वाजत नाही. कुठल्याही गिटारवर करून बघता येतं: सहावी काढा, पाचवी ए वरून जी ला उतरवा, पहिली ई वरून डी ला. मधल्या तीन जशाच्या तशा.

कंट्री गायक विली नेल्सनची ट्रिगर नावाची गिटार म्हणजे मार्टिन कंपनीची नायलॉन तारांची एन-२०, १९६९ पासून त्याच्याकडे. अशा गिटारी बोटांनी वाजवायच्या, म्हणून त्यांना पिकगार्ड (पिकच्या ओरखड्यांपासून लाकूड वाचवणारी पट्टी) नसतो. तो पिकने वाजवत राहिला आणि साउंडहोलच्या शेजारी दुसरं भोक पडलं.

क्वीन बँडच्या ब्रायन मेची रेड स्पेशल मला या सगळ्यांत सर्वांत जास्त शिकवते, कारण तिच्यात प्रत्येक अडचणीवर आधी विचार केलेला आहे. त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ मध्ये ती घरी बनवायला घेतली. नेक जुन्या फायरप्लेसच्या लाकडाचा, ट्रेमोलोला (सूर हलवणाऱ्या दांडीच्या यंत्रणेला) मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, आणि ब्रिज सुरीच्या धारेवर तोललेला, म्हणजे घर्षण कमी. तारा सॅडलवर घासू नयेत म्हणून छोटी चाकं. स्केल फक्त २४ इंच. तीन पिकअप एकापाठोपाठ जोडलेले, प्रत्येकाला चालू-बंदचा एक आणि फेजचा एक स्विच. इथे "आउट ऑफ फेज" हा शब्द अगदी खरा ठरतो. आणि पिक म्हणून सहा पेनीचं नाणं.

शेवटी तुमच्या हातातल्या गिटारकडे. जुन्या पद्धतीच्या फेंडर नेकवर बारीक तारेचा बेंड घेताना वरच्या फ्रेटांवर सूर मध्येच मरतो का? फ्रेटबोर्डचा बाक ७.२५ इंच त्रिज्येचा, म्हणजे बराच गोल असतो. तार कडेकडून मधल्या उंचवट्यावर ढकलली जाते आणि पुढच्या फ्रेटला टेकते. ९.५ किंवा १२ इंची बाकावर हा त्रास कमी. पण तोच गोल बाक कॉर्ड धरताना तळहाताला सुखाचा वाटतो, म्हणून गिटार विकायला काढू नका. आधी नेकची वाकण तपासा: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते मोजा. साधारण ०.२५ मिमी हवी. ट्रस रॉड एका वेळी पाव फेरीच, जोर लागला तर तिथेच थांबा. फट बरोबर आल्यावरच बारीक तारेची सॅडल उचला, बाराव्या फ्रेटवर १.८ ते २ मिमीपर्यंत. मग परत सूर लावा आणि तोच बेंड घेऊन बघा.