झाकण खोटं बोलत नाही

(नाशिकमध्ये अंगणवाडीताई आणि आया यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

ही पिशवी बघून मागच्या रांगेतल्या काहीजणी हसताहेत. हसा. सकाळी सुनेनंही विचारलं, "आई, भंगारवाल्याकडे निघालात का?" आत आहेत लोणच्याच्या, कॉफीच्या, तुपाच्या बरण्या आणि डबे. झाकणं काढून सगळी एकत्र केलीत. ज्याचं झाकण त्याला शोधून लावायचं, झाला खेळ.

आधी माझी फजिती सांगते. बालवाडीत नवीन लागले तेव्हा दोन रात्री जागून मी पुठ्ठ्याची कार्डं केली. एकावर फुलं, दुसऱ्यावर आकडा. पाच फुलं दिसली की शेजारी पाचाचं कार्ड ठेवायचं. चार वर्षांचा एक मुलगा कार्ड उचलायचा, हळूच खाली न्यायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. माझ्या भुवया वर गेल्या की दुसरं उचलायचा. दहाच्या दहा बरोबर! मी खूश. चार दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. पोरगं फुलं मोजतच नव्हतं, बाईंचा चेहरा वाचत होतं.

झाकणाशी ही लबाडी चालत नाही. मोठं असलं तर डब्यावर नुसतं हलत राहतं, लहान असलं तर आत पडतं. बरोबर असलं की घट्ट बसतं आणि मुलाला ते हाताला कळतं. आपण मध्ये 'शाब्बास' म्हणायचीसुद्धा गरज नाही.

इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमला पहिलं बालगृह सुरू केलं. त्यांच्या साधनांतली खरी गोम हीच आहे, चूक साधनानंच दाखवायची. लाकडी ठोकळ्यातल्या प्रत्येक भोकात एकच गोल लाकडी दट्ट्या बरोबर बसतो. पण तो संच महाग. आपल्याकडे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावाला गेल्या, सहकारी अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. तिथं शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. १९५७ मध्ये काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार त्याच कामातला. आज तुमच्यापैकी निम्म्याजणी 'अंगणवाडीताई' म्हणून इथं बसल्या आहात, त्या नावाचं मूळ तिथं आहे.

'टाकाऊतून टिकाऊ' या शब्दाशी मात्र माझं जरा भांडण आहे. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, कागदी कपांचं तोरण. दिसतं छान, पण केलं कुणी? ताईंनी, घरी पोळ्या झाल्यावर, रात्री अकरा वाजता. आणि मुलांना काय सांगतो? "हात लावू नका, तुटेल." अहो, फुकटच्या वस्तूचा फायदाच हा की ती तुटली तरी जीव हळहळत नाही. विकतचा संच कपाटात जातो, पाहुणे आले की बाहेर येतो. पुठ्ठ्याचं खोकं फाटलं तर दुकानदार दुसरं देतो. तेव्हा टिकाऊ करायला जाऊ नका. टाकाऊ आहे तेच वापरा, फाटलं की टाका.

निफाड-लासलगावकडच्या ताईंना मी काय शिकवणार? तिथल्या पोराला कांद्याची प्रतवारी बघून बघून ठाऊक असते. गोल्टी म्हणजे लहान कांदा वेगळा, मोठा कांदा वेगळा. तेच खोक्यात आणा. झाकणाला एक भोक पाडा, ज्यातून गोल्टी जाईल आणि मोठा कांदा अडेल. ढीग पुढ्यात ओता आणि गप्प बसा. गप्प बसणं हे या खेळातलं सगळ्यांत अवघड काम, मला अजून जमत नाही. थोड्या वेळानं मूल भोकाजवळ न नेता, नजरेनंच वेगळे काढायला लागतं. मग भोक कशाला, म्हणाल. शंका आली की पडताळायला.

द्राक्षं पेट्यांत भरतात त्या पॅकहाऊसमध्ये कोणी ओळखीचं असेल तर अर्धा किलोचे रिकामे पनेट, म्हणजे प्लास्टिकचे छोटे डबे, आणि त्यांची पेटी मागून आणा. पाच किलोच्या पेटीत दहा पनेट बसतात. नऊ ठेवले की जागा रिकामी दिसते. दहा म्हणजे किती, हे फळ्यावर लिहून इतकं पटकन कळत नाही.

आवाजाचाही खेळ होतो. एकसारख्या आठ डब्या घ्या. दोनांत राजगिरा, दोनांत चवळी, दोनांत खडेमीठ, दोन रिकाम्या. चिकटपट्टीनं बंद करा, जोडीच्या बुडाला सारखा ठिपका द्या. हलवून जोडी लावायची, मग उलटं करून बघायचं. रिकाम्या डब्या मुद्दाम ठेवा, त्यांच्यावर पोरं फार हसतात.

आता जरा कडक बोलते. द्राक्षबागेत फवारायच्या औषधांचे डबे-बाटल्या, फिनेल, ॲसिड यांची कुठलीही वस्तू नाही. सात वेळा धुतली तरी नाही. रिमोटमधले, गाणाऱ्या खेळण्यांमधले चपटे गोल सेल पोरांच्या हाती लागता कामा नयेत. गिळला तर काही तासांत अन्ननलिका जळते. थांबून बघायचं नाही, तडक दवाखाना. चिंचोके, बटणं, मणी तीन वर्षांखालच्या मुलाजवळ नकोत. खेळणी तपासताना सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावेल ती वस्तू या वयाला धोक्याची. पाण्याच्या बाटलीचं बूच आपल्याला मोठं वाटतं ना? ते त्यात मावतं. मोठ्या पोरांच्या खेळातली बुचं धाकट्याच्या तोंडात जातात, म्हणून खेळ संपला की मोजून ठेवा.

बाकी किती वेळ खेळवायचं, रोज खेळवायचं का, हे मूलच सांगतं. कंटाळलं की उठून जातं. जाऊ द्या.

चला, पिशवी आता पहिल्या रांगेपासून मागे सरकवा. एकेका डब्याला झाकण लावून बघा. त्यातल्या एका डब्याचं झाकण मी घरीच ठेवलंय. कुठल्या, ते सांगणार नाही. आणि माझ्या तोंडाकडे बघू नका.