दुकानात जाण्याआधी मेकॅनिककडे

मंडळी, विषय दिलाय पर्यावरणपूरक खरेदीचा. कापडी पिशवीवर मी बोलणार नाही. ती तुमच्या सगळ्यांकडे आहे, सत्कार-समारंभांत मिळालेल्या धरून जरा जास्तच आहेत. मला बोलायचंय ते फ्रिज, पंखा, कपाट, गादी यांच्याबद्दल. या वस्तू आपण क्वचित घेतो, पण एकदा घेतल्या की दहा-पंधरा वर्षं त्यांच्याशी संसार करावा लागतो.

माझं म्हणणं एवढंच, की वस्तू बिघडल्यावर ती दुरुस्त कोण करणार आणि शेवटी ती घराबाहेर कशी जाणार, हे पैसे मोजण्याआधी विचारा. शोरूममधल्या मुलाला नव्हे, तुमच्या पेठेतल्या किंवा गल्लीतल्या मेकॅनिकला. कुठल्या मशीनचं सर्किट बोर्ड महिनाभर येत नाही, कुठला पार्ट तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, सहज मिळतो, हे त्याला तोंडपाठ असतं. मिक्सर घेतानासुद्धा विचारा: कपलर आणि कार्बन ब्रश मिळतात का? मिळत असतील तर तो मिक्सर सुनेच्याही उपयोगी पडेल.

आता स्टार. बीईईचं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं लेबल 2006 पासून आहे, पण आपण त्यावरच्या चांदण्या मोजतो आणि खालचा आकडा वाचत नाही. वाचायचा असतो तो वर्षाला लागणाऱ्या युनिटचा आकडा. स्टार मिळतो तो त्या आकारमानाच्या मानाने. त्यामुळे पाच स्टारचा अवाढव्य फ्रिज तीन स्टारच्या लहान फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. दोघंच घरात, मुलं अमेरिकेत, आणि फ्रिज मात्र लग्नघरासारखा! शिवाय निकष दर काही वर्षांनी कडक होतात, म्हणून लेबल कुठल्या काळासाठी आहे तेही बघा.

एसीच्या लेबलवरचा आकडा वर्षाला 1600 तासांच्या वापरावर काढलेला असतो. पुण्यात बरीच घरं एसी एप्रिल-मे सोडून लावत नाहीत. दोन महिने, रोज सहा तास धरले तरी 360 तास होतात. म्हणजे पाच स्टारसाठी जास्तीचे मोजलेले पैसे वसूल व्हायला लेबलच्या हिशोबापेक्षा चौपटीहून अधिक काळ लागणार. त्याच घरात पंखा मात्र जवळजवळ वर्षभर गरगरत असतो, आणि त्याच्याकडे कोणी वर मान करून बघत नाही. जुना पंखा 75 वॅटचा, बीएलडीसी, म्हणजे नव्या पद्धतीच्या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, साधारण 30 चा. रोज बारा तास, वर्षाचे 300 दिवस चालला, तर एका पंख्यामागे 162 युनिट वाचतात. महावितरणच्या बिलात 100 युनिटांच्या वर दर चढतो आणि 300 च्या वर आणखी चढतो, तेव्हा ही वाचलेली युनिटं वरच्या, महाग टप्प्यातली असतात. एक तिढा सांगून ठेवतो. साध्या पंख्याचा कपॅसिटर कुठलाही वायरमन बदलून देतो. बीएलडीसीच्या आत बोर्ड असतो. त्याची वॉरंटी किती आणि बोर्ड सुटा मिळतो का, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

फर्निचरवर मी थोडा चिडून बोलणार आहे. हिंजवडी-खराडीला भाड्याने राहणारी मुलं दर अकरा महिन्यांनी घर बदलतात आणि ऑनलाइन पार्टिकल बोर्डचं कपाट मागवतात. पहिल्यांदा छान बसतं. पहिल्याच शिफ्टिंगला खोललं की स्क्रूच्या भोकातून भुसा गळतो आणि परत तो स्क्रू घट्ट बसत नाही. पावसाळ्यात फरशी पुसताना खालच्या कडेला पाणी लागलं की बोर्ड फुगतो, वरचा कागद सुटतो, आणि फुगलेला बोर्ड पुन्हा कधी बसत नाही. अशा मुलांनी जुन्या बाजारातून किंवा घर सोडणाऱ्याकडून लोखंडी कपाट घ्यावं. पोचे असतील, पण रंग मारला की झालं, आणि नको झालं की भंगारवाला पैसे देऊन नेतो.

गादीचंही तेच. कापसाची गादी सपाट झाली की पिंजून घ्यायची, थोडा कापूस वाढवायचा, नवी खोळ शिवायची. फोमची बसली की संपलीच. भंगारवाला हात लावत नाही, 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई एवढं धूड ढकलगाडीवर नेणार कशा? मग ती रात्री कोपऱ्यावरच्या झाडाखाली ठेवली जाते. पाठीच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी सांगितली असेल तर घ्या, माझी हरकत नाही. नुसती ऑफर आहे म्हणून नको.

'इको-फ्रेंडली' छापलेल्या खोक्यांबद्दल फार बोलत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2024 मध्ये अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, दाव्याला आधार द्यावा लागतो. आधार खोक्यावर दिसला नाही तर विचारा.

मघाशी एका ताईंची चिठ्ठी आली: 'फ्रिज पंधरा वर्षांचा आहे, नीट चालतोय, बदलू का?' आधी कॉम्प्रेसरजवळचं स्टिकर बघा. त्या काळातल्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-134ए हा थंडावा देणारा गॅस असतो, तो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1400 पट भारी. भंगारात कोणी हातोड्याने नळी तोडली की तो सगळा फुस्सकन हवेत जातो. म्हणून काढायचाच झाला तर नोंदणीकृत ई-कचरा रिसायकलरकडे द्या. एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे, तेव्हा कंपनीला फोन करून विचारायला संकोच नको. आणि नवा आल्यावर जुना पाण्याच्या बाटल्यांसाठी हॉलमध्ये चालू ठेवायचा नाही. पुण्यात हा प्रकार फार.

बदलायचा की नाही, हे मात्र अंदाजाने ठरवू नका. सॉकेटला लावायचा वीज मोजणारा छोटा मीटर मिळतो, सोसायटीत मिळून एक घ्या. तो फ्रिजला चोवीस तास लावा, आलेल्या आकड्याला 365 ने गुणा आणि नव्याच्या लेबलशी ताडून बघा. थंडीत आणि मे महिन्यात असं दोनदा केलंत तर उत्तम. फरक तीनशे-चारशे युनिटांचा निघाला तर नवा घ्या. पन्नास-साठचाच निघाला, तर मेकॅनिकला बोलवून दाराचं रबर बदला आणि तोच वापरा.