गवताचे तुरे आणि नाकातला फवारा

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस ओसरतो, माळावरचं गवत कमरेएवढं होऊन त्याला तुरे येतात आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडची गर्दी वाढते. उठल्याबरोबर शिंकांची माळ, नाकाला पाण्याची धार, डोळ्यांना आणि तोंडातल्या टाळूला खाज. रस्त्याकडेचं गाजर गवतही तेव्हा फुललेलं असतं. 1955 च्या सुमारास पुण्यात ते अभ्यासकांच्या नजरेत भरलं. आता ते नाही असा उकिरडा शोधून दाखवा! त्याच्या परागांचाही अनेकांना त्रास होतो. माणूस सांगतो, "डॉक्टर, सर्दी हटत नाही." पण ताप नाही, अंगदुखी नाही, आणि दरवर्षी नवरात्राच्या आसपासच हे सुरू होतं. म्हणजे ही ॲलर्जी.

मग आम्ही नाकात मारायचा फवारा लिहून देतो, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "यात स्टिरॉइड आहे का हो?" हो, आहे. आज त्याच्याविषयीच बोलू.

नाकाच्या आतलं अस्तर म्हणजे पेशींचा एक नाजूक, ओला थर. परागकण त्यावर पडला की ओल्याने त्यातली प्रथिनं बाहेर येतात. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या अस्तरात मास्ट पेशी जणू टपूनच बसलेल्या असतात. त्या काही मिनिटांत हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. शिंका आणि पाणी ही त्याचीच करामत. इथवर गोष्ट सगळ्यांना माहीत असते. खरी खोड पुढे आहे. चार-सहा तासांनी रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पेशी अस्तरात शिरतात, तिथे सूज आणतात आणि पेशींच्या थराला इजा करतात. भिंतीच्या सांध्यांतला चुना झडावा तसे पेशींमधले जोड सैल पडतात, आणि पुढचे पराग अधिक खोलवर पोचतात. रात्री नाक चोंदतं ते या सुजेमुळे.

1960 च्या दशकात अमेरिकेत कॉनेल नावाच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या नाकात रोज मोजून पराग सोडले. पहिल्या दिवशी त्रासासाठी पुष्कळ पराग लागायचे. काही दिवसांनी त्याच्या कितीतरी कमी परागांत तेवढाच त्रास होऊ लागला. अस्तर चिडलेलं राहतं, हे त्याचं कारण. म्हणून हंगाम संपत आला, हवेतले पराग कमी झाले, तरी शिंका थांबत नाहीत.

ॲलर्जीची गोळी हिस्टामिनला अडवते. शिंका, खाज कमी होते, पण चोंदलेल्या नाकाला तिचा फारसा उपयोग होत नाही. फवाऱ्यातलं औषध, म्हणजे फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड यांपैकी एखादं, थेट पेशीच्या आत जातं आणि सुजेला बोलावणारे रासायनिक निरोप तयार होणंच कमी करतं. इओसिनोफिल कमी येतात, अस्तराच्या वरच्या थरात मास्ट पेशींची दाटी होत नाही, सैल पडलेले जोड पुन्हा घट्ट होऊ लागतात. हे काम घटकाभरात होत नाही. थोडा फरक अर्ध्या दिवसात जाणवू शकतो, पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. दोन दिवस मारून "काही उपयोग नाही" म्हणत बाटली कपाटात ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची मला खरोखर हळहळ वाटते.

ज्यांचा त्रास नवरात्रात सुरू होतो, त्यांनी गणपती बसले की डॉक्टरांना विचारून फवारा सुरू करावा. पराग येण्याआधीच अस्तर शांत असलं, तर ते चिडण्याची वेळच कमी येते.

आता स्टिरॉइडच्या भीतीबद्दल. नाकातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो; मोठ्यांसाठी बहुधा दिवसाला 200. फ्लुटिकासोन आणि मोमेटासोन यांचा त्यातला जेमतेम एक-दोन टक्के भाग रक्तात पोचतो. अस्तर पातळ होईल, अशीही शंका असते. वर्षभर औषध घेतलेल्यांच्या अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले आहेत. ते पातळ झालेलं आढळलं नाही. काचबिंदू, मोतीबिंदू असेल तर मात्र आधी सांगा. मुलांना द्यायचा असेल तर वाढ नीट होतेय ना हे पाहायला डॉक्टर अधूनमधून उंची मोजतात, तेवढी काळजी पुरे.

मला भीती वाटते ती दुसऱ्याच बाटलीची. चिठ्ठीशिवाय मिळणारे, नाक क्षणात मोकळं करणारे थेंब. ते रक्तवाहिन्या आकसून टाकतात. पण चार-पाच दिवसांपलीकडे घेतले की नाक आणखी चोंदतं, आणि माणूस पुन्हा थेंब टाकतो. वर्षानुवर्षं अशी बाटली खिशात बाळगणारे लोक आहेत.

फवारा मारायची रीतही महत्त्वाची. नाक शिंकरून घ्या, बाटली हलवा, मान किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा. म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कडेकडे वळतं. दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यावर रोज धार बसली तर तिथे कोरडं पडून रक्त येतं, आणि लोक औषधाला दोष देतात. जोरात ओढू नका, औषध घशात जाईल. हलकेच श्वास घ्या. थोडं रक्त दिसलं तर एक-दोन दिवस थांबून, टोकाची दिशा तपासून पुन्हा सुरू करा. पण एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल, किंवा एकच बाजू कायम बंद राहत असेल, तर ती ॲलर्जी समजून घरी बसू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून नाक आतून तपासून घ्या. नमस्कार.