केव्ही वाढवला की नेमकं काय वाढतं?

(दृश्य: एक्स-रे खोलीतलं कंट्रोल पॅनल. आकडे बदलणारं बोट.)

केव्ही म्हणजे एक्स-रे नळीला दिलेला विद्युतदाब, किलोव्होल्टमध्ये. हाताच्या पंजाच्या एक्स-रेला 50 केव्हीच्या आसपास पुरतात. छातीसाठी तंत्रज्ञ तोच आकडा 100 च्या पुढे नेतो. शेजारी एमएएसचा (मिलिअँपिअर-सेकंद, म्हणजे नळीतला प्रवाह गुणिले वेळ) आकडा असतो. किरण किती निघणार, हे त्यावर अवलंबून. पण एकेका फोटॉनची, म्हणजे किरणांच्या एकेका सुट्या कणाची, ऊर्जा जास्तीत जास्त किती असू शकेल, हे ठरवतो फक्त केव्ही.

(दृश्य: नळीचा छेद, ॲनिमेशन.)

निर्वात नळी. एका बाजूला तापलेली तार, तिच्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन. समोर टंगस्टनचं टार्गेट. दोहोंमध्ये 100 किलोव्होल्ट. टार्गेटपाशी पोहोचेपर्यंत इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशवेगाच्या निम्म्याहून जास्त झालेला असतो आणि ऊर्जा 100 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (100 किलोव्होल्ट पार करताना एका इलेक्ट्रॉनला मिळते तेवढी).

यातली सुमारे 99 टक्के ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. म्हणून तर 3400 अंशांपर्यंत न वितळणारा टंगस्टन लागतो आणि टार्गेटची तबकडी मिनिटाला हजारो फेरे फिरत ठेवावी लागते.

उरलेल्या एका टक्क्यात एक्स-रे. इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना वळतो, मंदावतो आणि गमावलेली ऊर्जा फोटॉन होऊन निघते. बहुतेक वेळा तो थोडीच गमावतो. क्वचित एखादा सगळी ऊर्जा एकाच फोटॉनला देऊन मोकळा होतो. तो फोटॉन 100 चा. 101 चा एकही निघणार नाही, कितीही वेळ नळी चालवा.

(दृश्य: वर्णपटाचा आलेख, एका जागी तुटणारी रेषा.)

1915 साली हार्वर्डमध्ये विल्यम डुएन आणि फ्रँकलिन हंट यांनी ही मर्यादा मोजून दाखवली. व्होल्टेज स्थिर ठेवलं, तर एका ठरावीक तरंगलांबीखाली किरण निघतच नाहीत. 12.4 ला किलोव्होल्टने भागा, उत्तर अँगस्ट्रॉममध्ये (मीटरचा एक हजार कोटीवा भाग) मिळतं: 100 ला 0.124. प्रकाश म्हणजे केवळ लाटा, असं धरलं तर ही कडा कुठून आली हे सांगताच येत नाही. ऊर्जा फोटॉनच्या रूपात सुटी सुटी निघते म्हणूनच ती दिसते. याच कडेवरून त्या दोघांनी प्लँकचा स्थिरांक (फोटॉनची ऊर्जा आणि वारंवारता जोडणारा आकडा) काढला; पुंजभौतिकीचा इतका सरळ पुरावा क्वचितच सापडतो.

आलेखावर दोन सुळकेही दिसतात, साधारण 59 आणि 67 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर. टंगस्टनच्या सर्वांत आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडाला, की बाहेरचा त्याची जागा घेतो. दोन्ही पातळ्यांतला फरक फोटॉनला मिळतो. आतला इलेक्ट्रॉन उडवायला 69.5 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. त्यामुळे 60 केव्हीवर हे सुळके उगवतच नाहीत.

(दृश्य: नळीच्या तोंडाशी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा.)

अगदी कमी ऊर्जेचे फोटॉन शरीराच्या पार जात नाहीत. रुग्णाच्या त्वचेला डोस देतात आणि चित्रात काहीच भर घालत नाहीत. त्यांना हा पत्रा वाटेतच अडवतो. तरीही 100 केव्हीला बाहेर पडणाऱ्या फोटॉनची सरासरी ऊर्जा 50 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासच भरते.