उभ्या माणसाचा गुडघा

(ज्येष्ठ नागरिक संघात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आधी एक विनंती. ज्यांना पाय लांब करायचेत त्यांनी खुशाल करा, समोरची खुर्ची रिकामी असेल तर तिच्यावर ठेवा. गुडघ्यावरच्या भाषणात पहिला मान गुडघ्याचा.

मी डॉक्टर नाही. एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, त्यातली बरीचशी सातारा–महाबळेश्वर गाडीवर. इथल्या निम्म्या लोकांना मी तिकीट फाडून दिलं असेल. कोण म्हणालं, सुटे राहिलेत? चहाच्या वेळी भेटा.

मेढा मागे पडलं की केळघरचा घाट लागतो. कंडक्टरचे दोन्ही हात गुंतलेले, एकात तिकिटांचा ट्रे, दुसऱ्यात पंच. मग वळणावर धरायचं कशानं? उजवा गुडघा सीटच्या लोखंडी दांडीला टेकवायचा आणि तोल सांभाळायचा. गाडी डावीकडे वळो की उजवीकडे, गुडघा तोच. निवृत्तीनंतर दुखायला लागला तोही तोच. चढताना कमी, उतरताना जास्त. सकाळी उठलं की पहिली दहा पावलं लाकडाचा पाय असल्यासारखी. आणि देशी संडासात बसल्यावर उठायचं कसं, हा प्रश्न. हसताय म्हणजे ठाऊक आहे तुम्हाला.

मी एका दवाखान्यात दोन वर्षांत चार वेळा गेलो. केस पेपर काढायचा, दोन तास बाकावर बसायचं. एक्स-रेवाला मुलगा चांगला होता. “झोपा काका, पाय सरळ, हलू नका.” ती फिल्म डॉक्टरांनी उजेडात धरली आणि म्हणाले, “वयाप्रमाणे आहे. गोळ्या देतो.” कुठे दुखतं ते दाखवायला मी पँट वर सरकवत होतो, तोवर चिठ्ठी लिहून झाली होती. मी चपला घालेपर्यंत पुढचा नंबर आत. बाहेर किती माणसं ताटकळली होती ते मीच बघत होतो, त्यामुळे त्यांची घाई मला कळते. पण चार वेळांत एकदाही त्या गुडघ्याला कुणाचा हात लागला नाही. हे मी विसरू शकलेलो नाही, आणि खरं तर तेच सांगायला आज उभा आहे.

गोळीनं बरं वाटायचं. दुखलं की एक, मग सकाळ-संध्याकाळ एक. मेडिकलमधला पोरगा मला बघूनच म्हणायचा, “काका, तीच पट्टी ना?” चिठ्ठी कधीच जुनी झालेली. असे अकरा महिने गेले. मग पायांवर सूज आली, रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची खूण. या वेदनाशामक गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात हे मला तेव्हा कळलं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

मग पुतण्यानं दुसरीकडे नेलं. तिथल्या बाई डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली. म्हणाल्या, “दारापासून खिडकीपर्यंत चालून दाखवा.” मग हात न टेकता खुर्चीवरून उठायला लावलं. मला जमलं नाही. नंतर कॉटवर झोपवून दोन्ही मांड्यांवर गुडघ्याच्या वाटीपासून सारख्या अंतरावर पेनानं खूण केली आणि शिंप्याची असते तशा टेपनं मापं घेतली. उजवी मांडी अडीच सेंटीमीटर बारीक! दुखतं म्हणून मी त्या पायाला जपत होतो, आणि जपून जपून त्याचा स्नायू वाळवला होता. मग म्हणाल्या, “एक्स-रे पुन्हा काढा, पण उभं राहून.”

मंडळी, त्या दोन फिल्म मी शेजारी शेजारी पाहिल्या. गुडघा तोच. झोपलेल्या फिल्ममध्ये दोन हाडांमध्ये बऱ्यापैकी फट, उभ्या फिल्ममध्ये आतल्या बाजूची फट जवळजवळ मिटलेली. एक्स-रेत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची झिजत जाणारी गादी, दिसत नाही, दिसते ती तिची जागा. भार नसला की ती जागा उघडी वाटू शकते. मी उभ्यानं नोकरी केली, मला उभ्यानं दुखतं, आणि माझा फोटो मात्र झोपवून काढायचा!

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. फळ्यावरचा विषय आहे ‘डॉक्टरांकडे जाताना’, तो आता भराभर सांगतो.

जाण्याआधी कागदावर लिहा: कधी दुखतं, चढताना की उतरताना, सूज येते का, सांधा अडकतो का, आजवर कुठल्या गोळ्या घेतल्या. झिजेसाठी साधा एक्स-रे असेल तर विचारा, “उभं राहून काढायचा ना?” मांडीचा व्यायाम लिहून मागा, तो गोळीइतकाच खरा उपचार आहे. मला फरक पडायला दोन-अडीच महिने लागले. एक किलो वजन उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. तिसऱ्या रांगेतले काका, हात बदला.

नुसत्या झिजेसाठी कुणी दुर्बिणीतून गुडघा धुऊ म्हणालं, तर फायदा काय ते विचारा. अमेरिकेत ह्यूस्टनला १८० रुग्णांवर चाचणी झाली, ती २००२ मध्ये छापून आली. काहींना कातडीवर फक्त चिरा दिल्या होत्या. दोन वर्षांनी त्यांच्यात आणि खरी शस्त्रक्रिया झालेल्यांत फरक नव्हता.

सांधा बदलायला मात्र घाबरू नका. माझ्या थोरल्या बहिणीचे पाय धनुकलीसारखे वाकले होते. तिनं दोन्ही बदलले, आता आठवडी बाजाराला चालत जाते. फक्त बिल नीट बघा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींना कमाल मर्यादा घातली. सर्वांत जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी १,५८,३२४ रुपयांचा होता, तो त्या वेळी ५४,७२० अधिक जीएसटी झाला. बिलात सांध्याची किंमत आणि कंपनी वेगळी दाखवलेली हवी. आपली कागदपत्रं मागणं आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद रुग्णालयात दर्शनी लावावी लागते. भिंतीवर शोधा.

चहा येतोय. तेवढ्यात सगळ्यांनी खुर्चीत ताठ बसा. उजवा पाय समोर सरळ करा, पंजा आपल्याकडे, मांडी आवळा आणि दहा आकडे मोजा. वहिनी, श्वास रोखू नका. हळू खाली. आता डावा.